बारावा मेलबॉक्स

फाका, ९ जानेवारी

एदिल्सन बाळा,

कागद बघून हसू नकोस. फुलांच्या गाडीबरोबर कचेरीची थैली इथून, फाकाच्या मळ्यावरून, रोज बोगोताला येते, त्यात हे पाकीट टाकतेय. गाडीवाला चेपे तुझ्या हातात देईल. मेल का नाही केला म्हणशील, तर तूच मला एक करून बघ. परत येईल. माझा मेलबॉक्स गळ्यापर्यंत भरलाय. फोनवर लिहिलं की तू दोन निळ्या खुणा उमटवून गप्प बसतोस. कागदाला मात्र माणसाला उत्तर द्यावं लागतं, एवढी लाज तुझ्या आईनं तुला शिकवली आहे.

तर ऐक. आज सकाळी सूचना आली की कंपनीचं जुनं मशीन बंद होणार, सगळ्यांना नवे मेलबॉक्स मिळणार. माझ्या नावापुढं लिहिलंय: लहान, दोन जीबी. दोन! अरे, आत्ता माझ्याकडं अडतीस आहेत. मी काय लग्नाचे फोटो साठवलेत? चौदा वर्षं तक्रारींच्या टेबलावर बसतेय मी. गुलाब मानेतून मोडला, पाकळीला बुरशी लागली, खोकं उन्हात राहिलं, की परदेशातलं गिऱ्हाईक दहा-दहा फोटो काढून मलाच पाठवतं. ते न ठेवून कसं चालेल?

पण गिऱ्हाईक गेलं खड्ड्यात. खरी गोष्ट वेगळी आहे, ती नीट वाच. आपल्या मळ्यावर एक बाई होती. सतरा वर्षं गुलाब छाटले तिनं. कात्री चालवून चालवून दोन्ही हातांच्या नसा गेल्या. २०१५ ते २०१९ मध्ये मी तिच्यासाठी पर्सोनेल खात्याला एकवीस मेल लिहिले, हातांचे फोटो लावून. त्यांची उत्तरंही आली. आता कंपनी म्हणते, असले मेल आमच्याकडं नाहीतच, हात घरच्या धुण्याभांड्यानं बिघडले. ६ मार्चला वैद्यकीय मंडळापुढं सुनावणी आहे. आजार कामाचा की घरचा, ते तिथं ठरणार. ते एकवीस मेल आता फक्त माझ्याच मेलबॉक्समध्ये आहेत. ते गेले तर तिच्या हातात काही उरत नाही.

मला मोठा मेलबॉक्स दे बाबा. एवढंच मागणं आहे.

तुझी माद्रिना,
नोहोरा

ता. क. पाकिटाला दोनदा चिकटपट्टी लावलीय. फाटलेलं मिळालं तर चेपेला विचार.

---

बोगोता, ११ जानेवारी

माद्रिना, आशीर्वाद असू द्या.

पाकीट अख्खं मिळालं. चेपेनं ते सगळ्यांसमोर वर धरून ‘इंजिनिअरसाहेबांना प्रेमपत्र’ अशी आरोळी ठोकली. आता आठवडाभर पोरं मला सोडायची नाहीत.

तुमचं म्हणणं कळलं. पण इकडची बाजूही ऐका. नव्या मेलबॉक्सची लायसन्सं दोन जातींची असतात. लहान दोन जीबीचं, मोठं पन्नासचं. मोठं महाग, म्हणून वरून ठरलं की मोठी फक्त बारा घ्यायची, बाकी एकशे चाळीस लोकांना लहान. यादी वरून येते, माद्रिना, मी फक्त बटणं दाबतो. जुनं मशीन ३१ जानेवारीला बंद. नव्यात मावेल तेवढं अलीकडचं जाईल, मागचं राहील.

तोपर्यंत थोडी साफसफाई करून बघा ना. सणाच्या शुभेच्छा, विनोद, जुन्या जाहिराती उडवल्या तर बरीच जागा सुटते. तरी मी शब्द टाकतो. तुम्ही मला बाप्तिस्म्याला हातावर धरलंत, माझी माद्रिना, धर्माची आई झालात, तुम्हीच इथं चिकटवलंत, तुमचं काम नाही करणार तर कुणाचं?

आई कशी आहे? परवा तिनं चेपेबरोबर चीजचे पाव पाठवले, पण दुकानातले. पूर्वी स्वतः मळायची, घरभर वास सुटायचा. लिहायचाही कंटाळा करते हल्ली, नुसता आवाज रेकॉर्ड करून पाठवते. नाताळात मी आलो नाही म्हणून रागावलीय का? कारोलिनाच्या घरच्यांनी, होणारा जावई म्हणून, फारच धरलं होतं हो. तुम्ही जरा समजूत काढा.

तुमचा,
एदिल्सन

---

फाका, १४ जानेवारी

एदिल्सन,

साफसफाई म्हणे! अडतीसाचे दोन करायचे तर चालू तक्रारीही उडवाव्या लागतील. विनोद मला कोण पाठवतं रे? एकच विनोद आलाय, तो तू परवा लिहिलास.

बारा मोठे कुणाला, ते मला न सांगता कळलं. ज्याच्या गळ्यात टाय तो डॉक्टर, आणि जो डॉक्टर त्याला मोठा मेलबॉक्स. अकरा डॉक्टर आहेत तुमच्या कचेरीत. एकानं तरी कधी कुणाची नाडी बघितली आहे? तो डॉक्टर बेनाविदेस, मालकाचा मेहुणा, शुक्रवारी येतो, दोन कॉफ्या पितो आणि जातो. वर्षात त्याला चाळीस मेल येत असतील, त्यातले तीस त्याच्या लाडक्या घोडीच्या फोटोंचे. त्याला पन्नास जीबी! मी मात्र व्हॅलेंटाईनच्या सीझनात दिवसाला दोनशे तक्रारी झेलायच्या, त्या काडेपेटीत बसून. शिवाय हे सगळं सीझनाच्या तोंडावर करायचं कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं?

असो. अकरा तिकडं गेले म्हणजे बारावा उरला. मला तोच पाहिजे. दुसरा मागत नाही.

तुला वाटेल, एवढं काय, कॉपी काढून ठेव. अरे, यंत्राची पेन ड्राईव्हची भोकं तुम्हीच बंद केलीत. बाहेरच्या पत्त्यावर पाठवलं की पर्सोनेलच्या डॉक्टर मारीत्झाबाईला घंटा वाजते. प्रिंट काढले, तर फोटोतले हात कोळशाचे गोळे दिसतात. शेवटी फोननं पडद्याचे फोटो काढून वकिलाला दाखवले. तो म्हणाला, बाई, असे फोटो कुणीही घरी बसून बनवेल, मंडळाला मूळ मेल लागतो, पाठवणाऱ्याच्या नावासकट, तारखेसकट.

त्या मेलमध्ये काय आहे सांगू? पहिला मी लिहिला तेव्हा तिची फक्त बोटं बधिर व्हायची. पर्सोनेलचं उत्तर: बर्फ लावावा. दुसऱ्या वर्षी कात्री हातातून पडायला लागली. उत्तर: सीझन संपल्यावर बघू. तिसऱ्या वर्षी मी लिहिलं, हिला छाटणीतून काढून पॅकिंगला घ्या. त्यावर मारीत्झानं स्वतः लिहिलंय, ‘छाटणीमुळं हे होतं याची आम्हाला कल्पना आहे, पण सध्या माणूस कमी आहे.’ कल्पना आहे! तिच्याच शब्दांत. त्या एका ओळीवर सगळं उभं आहे.

तुझ्या आईचं मी काय सांगू? रागावलेली नाही. थंडी फार पडलीय, अंगावरच्या लोकरीच्या रुआनात हात घालून बसते. तू येऊन बघ.

नोहोरा

---

बोगोता, २० जानेवारी

माद्रिना, आशीर्वाद असू द्या.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. इथं सगळ्यांना एकाच वेळी सगळं हवंय.

खूप प्रयत्न केला, पण जमलं नाही. बाराच्या बारा नावं भरून आली. वरच्यांपुढं माझं काय चालणार? मनाला लावून घेऊ नका. तक्रारींसाठी मी तुम्हाला एक वेगळं फोल्डर करून देतो, सीझन निघून जाईल.

जुन्या मेलांचं म्हणाल, तर माझ्यावर सोडा. मशीन बंद करायच्या आधी तुमच्या अख्ख्या मेलबॉक्सची कॉपी मी एका डिस्कवर काढतो. डिस्क माझ्या कपाटात राहील, तुम्हाला लागेल तेव्हा थैलीतून पाठवीन. आणखी काय पाहिजे?

एक मात्र मुलगा म्हणून बोलतो, राग मानू नका. ही बाई कोण आहे ते तुम्ही सांगत नाही, पण तिच्यापायी तुम्ही कशाला आगीत हात घालताय? मारीत्झाला कळलं तर तुमच्यावर येईल, आणि तुम्हाला कुणी आणलं, तुम्ही कुणाला आणलंत, तेही निघेल. खरं सांगू? अशा बाया मळ्यामळ्यावर आहेत. सतरा वर्षं पगार घेतला, आता म्हणे हात दुखतात. माझी आईही तिथंच राबली ना? तिनं कधी कुरकुर केली? शेवटी दमली तेव्हा गुपचूप काम सोडून घरी बसली. कंपनीनंच मला शिकायला सुट्टी दिली, कंपनीमुळंच आज मी बोगोतात आहे. हे विसरून कसं चालेल?

बाकी सगळं ठीक. आईला सांगा, फेब्रुवारीत नक्की येतो.

एदिल्सन

---

फाका, २४ जानेवारी

एदिल्सन,

तुझा कागद तीन वेळा वाचला. चौथ्यांदा वाचायला घेतला आणि घडी घालून ठेवून दिला. जपून ठेवलाय.

तुझी आई कुरकुर करत नाही, हे अगदी खरं लिहिलंस. तुझ्या आईइतकी न कुरकुरणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. तुझं ते वाक्य मी तिला वाचूनही दाखवलं.

ती बाई कोण, ते मला विचारू नकोस. मी शब्द दिलाय. तिचं म्हणणं एवढंच की या भानगडीत कुणाला निवडायची पाळी येऊ नये. तिला तसं वाटतं, मला वाटत नाही, पण शब्द माझा आहे.

बाराव्या मेलबॉक्सचं जाऊ दे. कॉपी मात्र विसरू नकोस. २०१५ ते २०१९, पाचही वर्षं. मला नुसतं ‘करतो’ नको, ‘केलं’ पाहिजे. मला आत्ता जेवायलाही उसंत नाही. शीतगृहात खोकी छतापर्यंत लागलीत, बायका पहाटे चारपासून उभ्या आहेत, गुळाचं गरम पाणी आणि मक्याचा एक आरेपा यावर दिवस काढतात. मी त्यांच्या हातांकडं बघतच नाही आता.

केलंस की दोन ओळी लिही.

नोहोरा

---

बोगोता, ३० जानेवारी

माद्रिना,

केलं. काळजी सोडा. घाईत आहे.

एदिल्सन

---

फाका, १७ फेब्रुवारी

एदिल्सन,

सीझन संपला. शेवटचं विमान गेलं, तेव्हा कुठं मी खुर्चीला पाठ टेकली.

नवा मेलबॉक्स उघडला. गेल्या नोव्हेंबरपासून सुरू होतो. त्याच्या मागं पांढरं फटक. मी घाबरले नाही, डिस्क तुझ्या कपाटात आहे ना. वकिलाला २५ तारखेपर्यंत कागद द्यायचेत. चेपे उद्या येतोय, त्याच्याकडं डिस्क दे. फडक्यात गुंडाळ, त्याच्या गाडीत सगळंच आपटतं.

आणि एक. काल मारीत्झाच्या खात्याकडून सगळ्यांना चुकून एक तक्ता आला, अर्ध्या तासानं ‘कृपया दुर्लक्ष करा’ म्हणून दुसरा मेलही आला. तोवर मी वाचला होता. मोठ्या मेलबॉक्सवाल्यांची यादी. अकरा डॉक्टर, ओळीनं, मी म्हटलं होतं तसे. बाराव्या ओळीत इंजिनिअर एदिल्सन केकान. किती जागा वापरात आहे तेही लिहिलंय समोर. पन्नासातली पाव जीबी सुद्धा नाही.

वरून यादी येते म्हणालास. वर म्हणजे कुठून रे?

मी भांडत नाहीये. मला डिस्क दे, भांडण आपण नंतर फुरसतीनं करू.

नोहोरा

---

बोगोता, २१ फेब्रुवारी

माद्रिना,

तीन दिवस कागद समोर घेऊन बसलोय. चेपेला दोनदा रिकाम्या हातानं पाठवला, तेव्हाच तुम्हाला कळलं असेल.

यादी मीच केली. आमच्या खात्याचे साहेब, डॉक्टर सामुदिओ, त्यांनी मला सांगितलं, कुणाला जागा जास्त लागते ते बघून बारा नावं काढ. मी आधी वापर बघितला होता. पहिलं नाव तुमचंच येत होतं, दुसरं माल पाठवणाऱ्या खात्याचं. ते घेऊन गेलो तर म्हणाले, डॉक्टर लोकांना लहान मेलबॉक्स देणार? शोभतं का? मग अकरा डॉक्टर लिहिले आणि बाराव्या ओळीत तुमचं नाव. देवाशपथ लिहिलं होतं. ते माझ्या खुर्चीमागं उभे होते. म्हणाले, ‘इंजिनिअर, तुमचं स्वतःचं कुठंय? का तुम्ही कात्रीवाल्यांच्या पंगतीला बसणार?’ सगळे हसले. मीही हसलो. मला आजवर कचेरीत वरच्या कुणी इंजिनिअर म्हटलं नव्हतं, नुसता ‘अरे केबलवाल्या’ असायचो. मी तुमचं नाव पुसलं आणि माझं लिहिलं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

आता दुसरं. डिस्क आहे, पण तिच्यात तुमचं २०२० पासूनचंच आहे. कॉपी नव्याकडून जुन्याकडं चालली होती. अर्ध्यावर असताना बेनाविदेसचा मेलबॉक्स हलवायचा निरोप आला, त्यांना घोडीचे फोटो दिसत नव्हते. एका वेळी एकच काम होत होतं. मी तुमची कॉपी थांबवली. ३० तारखेला तुम्हाला ‘केलं’ लिहिलं तेव्हा वाटलं होतं, आज संध्याकाळी उरलेलं पुरं करू. संध्याकाळी केक कापला, नवे मेलबॉक्स सुरू झाले म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी जुनं मशीन पुसून भंगारवाल्याला दिलं. सही माझीच आहे.

भंगारवाल्याकडं जाऊन आलो. त्यानं आतल्या डिस्क खिळे ठोकून फोडल्या होत्या, नियमच आहे म्हणाला. मारीत्झाचा मेलबॉक्सही चोरून बघितला, नोकरी गेली असती तरी बघितला. त्या पाच वर्षांचं तिनं काहीच ठेवलेलं नाही.

त्या बाईंची मी स्वतः माफी मागेन. त्यांना भेटायची सोय करा. वकिलाला सांगा, जे काही लिहून पाहिजे ते मी लिहून देतो. म्हणजे कंपनीचं नाव न येता जे लिहिता येईल ते.

तुम्ही मला शिव्या द्या, पण काहीतरी लिहा.

एदिल्सन

---

फाका, २२ मार्च

एदिल्सन,

महिनाभर लिहिलं नाही. शिव्याही सुचत नव्हत्या, आणि मला शिव्या येत नाहीत असं कुणी म्हणणार नाही.

६ तारखेला आम्ही बोगोताला आलो होतो. तुझ्या कचेरीपासून नऊ चौक. दोघी पहिल्या बसनं निघालो. मंडळात तीन डॉक्टर होते, हे नाडी बघणारे. वाईट नव्हते. एकानं विचारलं, कामाला असताना तक्रार केली होती का? तिनं सांगितलं, हो, एकवीस वेळा. मग दाखवा म्हणाले. मी फोनमधले फोटो पुढं केले. कंपनीचा वकील उठला आणि आमच्या वकिलानं मला आधीच सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणाला, असे फोटो कुणीही घरी बसून बनवेल. तक्रारींच्या टेबलावरची माझी साक्ष त्यांनी लिहून घेतली, पण मी मैत्रीण आहे हेही लिहून घेतलं.

मग विचारलं, घरी कोणती कामं करता? ती म्हणाली, आता काहीच होत नाही, पूर्वी सगळं करायचे. तेवढं ‘सगळं’ त्यांनी लिहिलं.

बाहेर आलो. मी तिला कॉफी घेऊन दिली, त्या पातळ प्लास्टिकच्या पेल्यातली. विसरलेच. तिनं दोन्ही तळव्यांत धरायला बघितला, तो दबला आणि सगळी कॉफी रुआनावर सांडली. ती आधी इकडंतिकडं बघायला लागली, कुणी ओळखीचं तर बघत नाही ना. मला म्हणाली, ‘त्याची कचेरी इथं जवळच आहे ना? चल लवकर, तो जेवायला बाहेर पडेल.’

आता तुला कळलंय. तरी कागद वाच, सोबत निकालाची झेरॉक्स जोडली आहे. आजार सर्वसाधारण, कामाशी संबंध सिद्ध होत नाही. पहिल्या ओळीत नाव आहे. एर्मिंदा केकान. तुला बापाचं आडनाव मिळालं नाही, तिनं स्वतःचं दिलं. तेच या कागदावर आहे आणि तेच तुझ्या त्या यादीत बाराव्या ओळीत आहे.

मी शब्द मोडला. मोडणारच होते. तिनं मला शपथ घातली होती की पोराला कळता कामा नये, त्याच कंपनीचं मीठ खातो, आईनं खटला भरला म्हटलं तर त्याला एकाला निवडावं लागेल, ती पाळी त्याच्यावर नको. म्हणून तू ऑगस्टमध्ये आलास तेव्हा ती दिवसभर रुआनात हात घालून बसली आणि तुला म्हणाली, थंडी वाजते. तू तिला म्हणालास, आई, म्हातारी झालीस. जेवण शेजारणीनं केलं होतं. पाव दुकानातले होते. ती लिहीत नाही, कारण तिच्या बोटाला फोनची काच कळतच नाही. हे सगळं तुझ्या डोळ्यांसमोर होतं, लेका. लायसन्सं देताना तू लोकांचा वापर बघितलास म्हणतोस. घरात काय बघितलंस?

मी तुला या नोकरीला लावलं. माझं केलेलं मलाच पुरून उरलंय.

नोहोरा

---

बोगोता, २३ मार्च

माद्रिना,

चेपे खाली थांबलाय, गाडी सुरू ठेवून.

झेरॉक्सवरचं नाव मी झाकून बघितलं, पुन्हा उघडून बघितलं. ‘अशा बाया’ असं मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात तिला वाचून दाखवलं. ते पण दाखवलं का? एवढंच सांगा.

मी नोकरी सोडतोय. सामुदिओच्या तोंडावर राजीनामा फेकतो आणि रविवारी येतो. आईला सांगा. नाही, सांगू नका. मीच येऊन सांगतो. ती दार उघडेल ना?

ए.

---

फाका, २५ मार्च

बाळा,

कागदावर अक्षर नोहोराचं आहे, बोलणं माझं. तिला सांगितलंय, मधे तुझं काही घुसडू नकोस. ती रडतेय आणि लिहितेय, म्हणून शाई कुठं कुठं पसरली असेल.

‘माझी आई कुरकुर करत नाही’, तेवढंच तिनं मला जानेवारीत वाचून दाखवलं होतं. फार बरं वाटलं होतं तेव्हा. चार दिवस शेजारणीला सांगत होते. पुढचं मागचं आज तुझा कागद आल्यावर विचारलं, तेव्हा तिला वाचावं लागलं. ठीक आहे. तुला माहीत नव्हतं.

तू चुकलास, हे मी नाही म्हणणार नाही. मला वाईट वाटलंय. गेलेल्या मेलांचं, सुनावणीचं एवढं नाही. नोहोरा तुझ्याकडं एक गोष्ट मागत होती, तीन तीन कागद लिहून, आणि तू तिला ‘केलं’ म्हणून सांगितलंस. ती बाई कोणीही असती, मी नसते, तरी मला वाईट वाटलं असतं. उलट मी नसते तर जास्त वाटलं असतं, कारण मग तुला कधी कळलंच नसतं.

नोकरी सोडू नकोस. त्या मळ्यानं माझे हात घेतले, त्याच्या बदल्यात तू तिथं खुर्चीवर बसलास, एवढंच मला मिळालं. तेही फेकून देशील तर माझ्याकडं काय राहील सांग. सोमवारी कामावर जा. सामुदिओसाहेबांना नमस्कार करतोस तसा कर. जड जाईल. जाऊ दे.

रविवारी ये. दार मला उघडता येत नाही, कडी घट्ट आहे. बाहेरून हाक मार, शेजारीण येईल. पाव तू घेऊन ये, दुकानातले चालतात. फक्त मला तोडून भरवावे लागतील. तुला लाज वाटणार असेल तर कारोलिनाला आणू नकोस.

एक विचारायचं होतं. नोहोरा म्हणते तुझा तो मेलबॉक्स फार मोठा आहे, माझे सगळे कागद त्याच्या कोपऱ्यात मावले असते. काय ठेवतोस रे त्यात?

तुझी आई,
एर्मिंदा

खाली अंगठा आहे. सही आता होत नाही.